माघातलं नाशिक: द्राक्षबागेच्या पंचांगाने वाइनची सहल

नाशिकची वाइन-सहल म्हटलं की अनेक घरांत पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवार-रविवारचा बेत ठरतो. कसाऱ्याचे धबधबे, ढगात गेलेली अंजनेरी, भरत आलेलं गंगापूर धरण आणि समोर वाइनचा पेला. चित्र देखणं आहे, यात वाद नाही. पण त्या दिवसांत वेलीवर एकही घड नसतो. वायनरीतला प्रेस धुऊनपुसून ठेवलेला असतो आणि टाक्यांमधली वाइन मुरत पडलेली असते. पाहुण्याला दिसतं ते एक छान उपाहारगृह आणि त्यामागची हिरवी बाग. वाइन कशी होते हे ज्याला बघायचं आहे, त्याने सुट्ट्यांची यादी बाजूला ठेवून द्राक्षबागेचं पंचांग आधी समजून घ्यावं.

थंड देशांत हिवाळा वेलीला झोपवतो. पानं गळतात, वेल विसावते. आपल्याकडे तशी थंडी नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. इथे तिचा काळ माणूस ठरवतो, आणि तोही कात्रीने. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. नव्या काड्या फुटतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड नकळत तयार होऊ लागतात. बागायतदार याला सूक्ष्मघड निर्मिती म्हणतात. पावसाळाभर नुसती पानं आणि काडी. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्यानंतर फूट, फुलोरा, मणी आणि साधारण चार ते पाच महिन्यांनी काढणी. वर्षात छाटण्या दोन, पीक एक. या छाटणीमुळे द्राक्ष पिकण्याचा काळ नेमका कोरड्या, थंड दिवसांत येतो: दिवसा ऊन, रात्री गारठा. उन्हाने साखर वाढते, गारठ्याने आंबटपणा टिकतो, आणि या दोन्हींचा मेळ बसल्याशिवाय चांगली वाइन होत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरच्या नाशिकला ही देणगी आहे.

काढणीलाही क्रम असतो. जानेवारीत सोविन्यो ब्लाँ, शेनिन ब्लाँ अशी पांढऱ्या वाइनची द्राक्षं येतात. शिराझ, कॅबर्ने सोविन्यो ही काळी द्राक्षं फेब्रुवारी-मार्चपर्यंत वेलीवर थांबतात. म्हणून जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, म्हणजे ढोबळमानाने माघ महिना, हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ. तेव्हा पांढरा रस टाक्यांत आंबत असतो आणि काळे घड अजून बागेत असतात. डोंगर हिरवे नसतात हे खरं. पण हवा स्वच्छ असते, सह्याद्रीचे कडे दूरवरून रेखीव दिसतात आणि सकाळी धरणांच्या पाण्यावर धुकं असतं.

नाशिकच्या रस्त्यावरून दिसणारी बहुतेक द्राक्षं मात्र वाइनची नसतात, हे जाण्यापूर्वी माहीत असावं. उंच मांडव किंवा वाय आकाराच्या आधारावर चढवलेली, पानांच्या छताखाली मोठ्या मण्यांचे घड लोंबणारी बाग म्हणजे खाण्याची द्राक्षं: थॉम्सन, सोनाका वगैरे. वाइनची बाग बुटकी, तारांवर उभी बांधलेली, कुंपणासारख्या सरळ ओळींची असते. मणी लहान, साल जाड, आत बिया. चवीला ती कमालीची गोड लागतात. रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात आणि ती 20 च्या वर गेल्यावरच सहसा काढणी होते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो, म्हणून काळी द्राक्षं सालीसकट आंबवतात. पांढऱ्यांचा रस आधी पिळून वेगळा काढतात. एवढं कळलं तरी वायनरीची फेरी निम्मी समजते.

पुण्याहून निघणाऱ्यांच्या वाटेवर नारायणगाव लागतं. आधुनिक मराठी वाइनची कहाणी तिथे सुरू झाली. श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्राच्या मदतीने तिथे फसफसणारी वाइन बनवली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशातही विकली. नाशिकला वळण मिळालं ते 1997 मध्ये. अमेरिकेतून परतलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या जमिनीवर सोविन्यो ब्लाँ आणि शेनिन ब्लाँची लागवड केली. कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की सोबतीला होते. 2000 मध्ये त्यांच्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या बाहेर पडल्या. सुला हे नाव सामंतांच्या आईच्या, सुलभा या नावावरून आलं. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणून वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क उभे राहिले आणि वायनऱ्या भराभर निघाल्या. 2008 च्या जागतिक मंदीनंतर मागणी आटली, वाइन टाक्यांत पडून राहिली आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनचे वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. पर्यटकाला हा इतिहास माहीत असायला हवा. आपल्या पेल्यामागे केवढी जोखीम आहे, हे त्यातून कळतं.

आता दिशा. नाशिकच्या वायनऱ्या चारही बाजूंना विखुरलेल्या आहेत आणि एका दिवसात सगळ्या गाठायचा हट्ट धरला तर हाती फक्त रस्ता लागतो. एका दिवशी एक दिशा, दोन वायनऱ्या, फार तर तीन.

पहिल्यांदा जाणाऱ्याने पश्चिमेला, गंगापूर धरणाकडे जावं. सुलाने 2005 मध्ये बागेतच वाइन चाखायची जागा सुरू केली, आणि नाशिकच्या वाइन पर्यटनाला खरी सुरुवात तिथून झाली. जवळच गुरनानी कुटुंबाने उभारलेली यॉर्क आहे. 2021 मध्ये तीही सुलाकडे गेली. पुढे गंगावऱ्ह्याला सोमा. या बाजूला संध्याकाळ राखून ठेवावी. धरणाच्या पाण्यावरचा सूर्यास्त इथल्यासारखा दुसरीकडे नाही. गर्दीही इथेच सर्वाधिक.

मला स्वतःला अधिक प्रिय आहे ती इगतपुरीकडची दिशा. मुंबई-नाशिक महामार्ग सोडून संजेगावकडे वळलं की मुकणे धरणाचं पाणी आणि मागे सह्याद्रीची रांग दिसू लागते. इथे व्हॅलोने ही छोटी वायनरी आणि ग्रोव्हर झाम्पाची नाशिककडची वायनरी आहे. बंगळूरजवळच्या नंदी टेकडीच्या पायथ्याची ग्रोव्हर आणि इथली झाम्पा 2012 मध्ये एकत्र आल्या. छोट्या वायनरीत फेरी घडवणारा माणूस बहुधा प्रत्यक्ष टाकीवर काम करणारा असतो. प्रश्न विचारा, तो मनापासून उत्तर देतो. ओकच्या पिंपात वाइन किती महिने ठेवली, या वर्षी पाऊस कधी थांबला, काढणी कधी सुरू झाली, असे प्रश्न. काढणी पहाटे किंवा अगदी सकाळी करतात, घड गार असतानाच प्रेसपर्यंत पोचावेत म्हणून. ती बघायची असेल तर आदल्या दिवशीच परवानगी मागून ठेवावी.

उत्तरेला दिंडोरीच्या वाटेवर रामशेज लागतो, संभाजी महाराजांच्या काळात मुघलांच्या वेढ्याला वर्षानुवर्षं दाद न देणारा किल्ला. सकाळी किल्ला चढून दुपारी दिंडोरीला जाता येतं. फ्रेंच शॅनदाँची वायनरी तिथेच आहे. 2013 पासून तिची फसफसणारी वाइन बाजारात आहे. तिचं दुसरं आंबवणं बाटलीतच होतं आणि बुडबुडे तिथेच धरले जातात.

पूर्वेची, निफाडची दिशा फार कमी लोक निवडतात, आणि हे मला खरोखर खटकतं. हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाची बातमी अनेकदा निफाडहून येते. नोंद होते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. पारा फार उतरला की बागायतदार मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. याच कुंदेवाडीत रेव्हेलो ही पाटील कुटुंबाची वायनरी आहे, जिथे नेरो दावोला, ग्रिल्लो या इटालियन जाती रुजवल्या आहेत. आणि इथून जवळ नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या या पाणथळीला 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रातला पहिला. परदेशातून आलेली बदकं आणि क्रौंच पक्षी हिवाळ्यातच इथे असतात, म्हणजे द्राक्षांच्याच हंगामात. पहाटे पक्षी आणि अकरानंतर वायनरी, असा दिवस इतरत्र मिळणं कठीण.

चाखताना क्रम पाळावा: आधी फसफसणारी, मग पांढरी, मग लाल, शेवटी गोड. प्रत्येक पेला रिकामा करायचा नसतो. घोट तोंडात फिरवून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरण्यात काहीही कमीपणा नाही. खाण्याच्या बाबतीत युरोपच्या चीजमागे धावू नये. माझ्या जिभेला थोडी गोडसर शेनिन झणझणीत रश्श्याबरोबर सुरेख लागते आणि सोविन्यो ब्लाँचा हिरवट वास कोथिंबीरवडीशी जुळतो.

गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. सगळ्यांनाच चाखायचं असेल तर नाशिकात दिवसभरासाठी चालकासह गाडी करावी. मुंबईहून रेल्वेने नाशिक रोडला उतरून असं करणं सर्वांत सुखाचं. 26 जानेवारीला मद्यबंदी असते, त्यामुळे प्रजासत्ताक दिनाची जोडसुट्टी या बेताला कामाची नाही. घेतलेल्या बाटल्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. तापलेली वाइन बिघडते, आणि ती मग घरी नेऊन गार केली तरी सुधारत नाही.

तेव्हा यंदा फेब्रुवारीतला एखादा मंगळवार-बुधवार ठरवा, वायनरीला आधी फोन करून काढणी चालू आहे का ते विचारा आणि किमान एक छोटी वायनरी बेतात ठेवा. वाटेत कुठल्याही बागेत शिरण्याआधी मात्र बागायतदाराची परवानगी घ्या. त्या घडांवर त्याचं वर्षभराचं पोट असतं.