अमेरिकेत गाडी घेताय? आधी राज्याचा नियम बघा

अमेरिकेत कार इन्शुरन्सचा देशभर एकच नियम नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा. कॅलिफोर्नियात पॉलिसीवर ३०/६०/१५ दिसलं तर गोंधळू नका. १ जानेवारी २०२५ पासूनची ती तिथली किमान मर्यादा आहे. चूक तुमची असेल तर समोरच्या एका जखमीसाठी ३० हजार डॉलर, सगळे जखमी मिळून ६० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५ हजार. आधी कित्येक दशकं हे आकडे १५/३०/५ होते. पाच हजारांत हल्ली काय दुरुस्त होतं, देव जाणे!

यात तुमच्या स्वतःच्या गाडीची दुरुस्ती येत नाही. त्यासाठी कोलिजन कव्हर वेगळं. गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणाराच ते घ्यायला लावतो.

आपली बरीच मंडळी राहतात त्या न्यू जर्सीत चूक कोणाचीही असो, तुमच्या उपचारांचा खर्च आधी तुमच्याच पॉलिसीतून निघतो. पीआयपी नावाचं हे कव्हर तिथे सक्तीचं आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये मात्र बहुतेकांना विम्याचीच सक्ती नाही! भरपाई तिथेही चुकत नाही.

मर्यादेवरचा खर्च तुमच्याच खिशातून जाऊ शकतो. तिथली हॉस्पिटलची बिलं पाहता, परवडत असेल तर निदान १००/३००/१०० घ्याच. आणि राज्य बदललंत की एजंटला लगेच कळवा.