फणसांबा व त्याचे सोबती

वेल्ह्याकडील रानांत श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास हिंडतांना उन्मळून पडलेल्या ऐनाच्या, जांभळाच्या किंवा आंब्याच्या खोडावर फळ्या ठोकाव्यात तशीं बसलेलीं अळंबीं कोणीं पाहिलीं नाहींत? जमिनींतून उगवणाऱ्या भूछत्रास देठ असतो. यांस बहुधा तो नसतो. एका कडेनें लांकडास चिकटून तीं पंख्यासारखीं पुढें येतात. गुराखी पोरें त्यांस सरसकट अळंबेंच म्हणतात आणि खाण्याजोगें नाहीं म्हणून सोडून देतात.

त्यांतील एक प्रकार मात्र पुष्कळ घरांत बाळगुटीच्या मुळ्यांबरोबर जपून ठेवलेला आढळतो. तो फणसांबा. तान्ह्या मुलाची लाळ फार गळूं लागली किंवा तोंड आलें, म्हणजे फणसांबा सहाणेवर उगाळून त्याचा लेप हिरड्यांस लावावयाचा, अशी वहिवाट आहे. काष्ठौषधींच्या दुकानांतहि तो विकत मिळतो. तेव्हां रानांतून आणलेला तुकडा खरोखर फणसांबा आहे कीं दुसरेंच कांहीं, हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राच्या तासापुरता राहत नाहीं.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, बाहेर जें दिसतें तें त्या कवकाचें केवळ फळ होय. त्याचें खरें शरीर म्हणजे सुताहूनहि बारीक असे तंतू. ते लांकडाच्या पोटांत पसरलेले असतात. लांकडास कठीणपणा देणारें लिग्निन नांवाचें द्रव्य पचविणें फारच थोड्या जीवांस साधतें. या मंडळींस तें साधतें. मागें उरतें तें फिकट, मऊ, तंतुमय लांकूड. घराच्या वाशावर असें अळंबें दिसलें आणि तें खरवडून टाकलें, म्हणजे वासा वांचला असें कोणीं समजूं नये. आंबे उतरविल्यानें झाड मरत नाहीं! कौलांची गळती बंद करून लांकूड कोरडें राखावें, कारण ओलीवांचून हें कवक वाढत नाहीं. आणि पोखरलेला वासा बदलावाच लागतो.

आतां ओळखीकडे वळूं. विद्यार्थिमित्रहो, वरच्या रंगावर भिस्त ठेवूं नका. ऊन, पाऊस, वय व शेवाळ यांनीं तो पालटतो. अळंबें हातीं आलें कीं तें उलटें करा. खालचा भाग अगदीं गुळगुळीत असेल तर तें स्टीरियम होय. तेथें पंख्याच्या काड्यांसारख्या रेषा असून प्रत्येक रेषा मधोमध उभी चिरलेली असेल, तर तें शिझोफायलम. हें करड्या-पांढऱ्या लवेचें, बोटाच्या पेराएवढें अळंबें फांटीच्या ढिगावर हमखास सांपडतें. हवा कोरडी झाली कीं त्याच्या चिरा वळून मिटतात व ओल मिळतांच पुन्हां उघडतात. वाळलेला तुकडा पाण्यांत टाकून ही गंमत घरींहि पाहतां येईल.

खालीं बारीक छिद्रें दिसलीं तर मात्र भिंग घ्यावें. अळंबें चामड्यासारखें पातळ, वर मखमली लव व निरनिराळ्या रंगांचे पट्टे, आंतून पांढरें, आणि एका मिलिमीटरांत तीन ते पांच छिद्रें, अशीं लक्षणें जुळलीं म्हणजे तें ट्रामेटीस व्हर्सिकलर असण्याचा संभव फार. लिनियसनें १७५३ सालीं यास बोलेटस या गणांत घातलें होतें. पुढें गण बदलला, पण 'व्हर्सिकलर' म्हणजे विविधरंगी हें विशेषण टिकलें. याचे भाऊबंद पुष्कळ असल्यामुळें शेवटचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखालींच होतो. सबंध अळंबें शेंदरी असेल तर तें पिक्नोपोरस. त्यास ओळखण्यास भिंगहि नको.

गॅनोडर्मा जाड असतें. त्याच्या एका जातीची खालची पांढरी बाजू नखानें ओरखडतांच तपकिरी होते, त्यामुळें तिजवर चित्र काढतां येतें. त्याचीं बीजुकें तपकिरी असतात, व अळंब्याखालच्या पानांवर कोकोच्या भुकटीसारखा त्यांचा थर सांचतो.

फणसांबा या सर्वांहून निराळा. तो लांकडासारखा कठीण, वरून काळसर व बहुधा भेगाळलेला; छिद्रें इतकीं बारीक कीं नुसत्या डोळ्यांस दिसूं नयेत. कापला असतां तो आंत गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा निघतो. तो अनेक वर्षें जगतो, व कापांत नळ्यांचे थरांवर थर दिसतात. त्या तपकिरी गरावर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकला कीं तो काळा पडतो. हा प्रयोग शिक्षकांनींच करावा. तें द्रावण कातडी जाळतें. हा गुणधर्म फेलिनस गणाचा व त्याच्या कुळाचा आहे.

आतां पालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट. पुण्याचे कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य यांनीं ए. एस. रब्बा यांच्यासह लोकवैद्यकांतील कवकांविषयीं १९९३ सालीं लेख प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांतून दिसून आलें कीं, फणसांबा या एकाच नांवाखालीं फेलिनसच्या अनेक जाती वापरल्या जातात. नांवांत फणस आहे. परंतु फणसावर वाढणारें प्रत्येक अळंबें फणसांबा नव्हे. वरील सर्व खुणा जुळल्या तरी गण कळतो, जात कळत नाहीं, आणि औषधाचा गुण तर मुळींच सिद्ध होत नाहीं. तान्ह्या मुलाच्या तोंडांत असला अनोळखी तुकडा उगाळून घालूं नये, हेंच बरें. तोंड आलेलें मूल दूध पिईनासें झालें, तर सहाण बाजूस ठेवून डॉक्टर गांठावा.

नमुना जमवावयाचा असेल तर लांकडाच्या ढलपीसह काढून सावलींत खडखडीत वाळवावा व कागदाच्या पाकिटांत ठेवावा. ओला डब्यांत ठेवल्यास बुरशीवर बुरशी चढते. पाकिटावर गांव, तारीख, झाडाचें नांव आणि झाड उभें होतें कीं पडलेलें, एवढें अवश्य लिहावें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत, जिचा जन्म १९४६ सालचा, कवकांचा मोठा संग्रह आहे; त्यास आजरेकर यांचें नांव दिलें आहे. तेथेंहि प्रत्येक नमुना अशाच कागदी पाकिटाच्या चिठ्ठीवरून ओळखला जातो.