शून्यावर थांबलेले आकडे

नांदेडात परावैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या एका अध्यापिकाबाईंनी विद्यार्थ्यांच्या रक्तदाबाच्या नोंदींची वही माझ्यासमोर सरकविली आणि काही न बोलता पानावरून बोट फिरविले. १२०, १३०, १४०, पुन्हा १३०, मग ११०. रक्तदाबमापकाच्या पट्टीवर २-२ मिलिमीटरच्या खुणा असतात. म्हणजे मोजणाराने पारा अगर काटा प्रामाणिकपणे पाहिला, तर शेवटचा अंक ०, २, ४, ६ आणि ८ यांपैकी कोणताही सारख्याच संभाव्यतेने यावयास हवा आणि शून्यावर संपणारी नोंद साधारणतः पाचांत एकदाच आढळावयास हवी. वहीत मात्र शून्याचेच राज्य होते. "ह्यात पोरांची लबाडी नाही," बाई म्हणाल्या, "त्यांना मोजायला शिकवलं, वाचायला शिकवलं नाही." हा दोष निरुपद्रवीही नव्हे, कारण १४० ही उच्च रक्तदाबाच्या निदानातील एक सीमारेषा असल्यामुळे १३८ चे १४० करणारा हात एका निरोगी माणसाला रुग्णांच्या यादीत बसवितो आणि १४२ ला १४० वर आणणारा हात दुखण्याची मात्रा हलकी करून दाखवितो.

एवढ्या निरीक्षणावरून संशोधन-अनुदानाचा प्रस्ताव कसा उभा राहतो, हे जवळून पाहण्याची संधी मला त्यानंतर मिळाली.

बाईंचा विषय ज्या व्यावसायिक वर्गाशी निगडित आहे, त्याचा इतिहास थोडक्यात सांगणे इष्ट होईल. डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्णाची पूर्वहकिकत विचारणे, तपासणे, नोंदणे ही कामे करणारा प्रशिक्षित सहायक, ज्याला फिजिशियन असिस्टंट म्हणतात, अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९६५ साली घडविला जाऊ लागला आणि तेथील अशा अभ्यासक्रमांची संघटना १९७२ साली स्थापन झाली. अध्यापकांना संशोधनासाठी छोटी अनुदाने देण्याचा प्रघात त्या संघटनेने पाडला आहे. भारतात हा अभ्यासक्रम १९९२ साली मद्रासेत सुरू झाला आणि २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने या व्यवसायाला कायद्याची ओळख दिली. परंतु पदवीधर डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाती किती विश्वासाने रुग्ण सोपवावा, हा वाद आपल्याकडे त्याहून जुना आहे. १९४६ च्या भोर समितीने अल्प मुदतीच्या परवानाधारक वैद्यांचे शिक्षण बंद करण्याची शिफारस केली, तेव्हा समितीतच मतभेद नोंदले गेले होते. त्या वादाचे उत्तर पुढे गडचिरोलीत मिळाले: डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना नवजात अर्भकांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि त्याचे फळ काटेकोरपणे मोजून १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले. शिक्षण देणारे पुष्कळ होते. दिलेल्या शिक्षणाने काय झाले हे मोजून दाखविणारे थोडे, आणि सरकारी धोरण हलले ते मोजमापामुळे.

आता प्रस्तावाकडे वळतो. बाईंचा पहिला मसुदा असा होता की, वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांना पट्टी वाचण्याचे विशेष शिक्षण द्यावे, निम्म्यांना देऊ नये आणि दोहोंच्या नोंदी ताडून पाहाव्यात. संख्याशास्त्राच्या जाणकाराने एकच शंका काढली: एकाच वसतिगृहात राहणारी मुले रात्री जेवताना एकमेकांस ती युक्ती सांगणार नाहीत कशावरून? तेव्हा योजना बदलली. नांदेडच्या तुकडीला शिक्षण आधी आणि लातूरच्या तशाच तुकडीला अभ्यास संपल्यावर द्यावे, असे ठरले, जेणेकरून दोन शहरांमधील अंतर हेच भिंतीचे काम करील आणि लातूरकर विद्यार्थी शिक्षणाला कायमचे मुकणारही नाहीत.

त्यानंतर नीतिसमिती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि सभासदांत कायदेतज्ज्ञ व वैद्यकाशी संबंध नसलेली सामान्य व्यक्तीही असावी लागते. वैद्यकीय सभासद नमुनासंख्येची चर्चा करीत असता सर्वांत मार्मिक प्रश्न त्या सामान्य सभासदाने विचारला: "ज्या बाई गुण देणार, त्यांनाच पोरगं नाही कसं म्हणेल?" संमतिपत्र घेण्याचे काम अध्यापिकेऐवजी त्या वर्गाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने करावे, नकार दिल्यास अंतर्गत गुणांवर परिणाम होणार नाही हे लेखी द्यावे, आणि रुग्णांचे संमतिपत्र मराठीबरोबरच उर्दू व तेलुगूतही असावे, कारण देगलूर-बिलोलीकडून येणारा माणूस कोणती भाषा घेऊन येईल याचा नेम नसतो, अशा दुरुस्त्यांसह मंजुरी मिळाली.

अंदाजपत्रकाचा तक्ता हा या साऱ्या दप्तरातील सर्वांत बोलका कागद. यंत्रसामग्री, साहित्य, प्रवास, आकस्मिक खर्च असे त्यात रकाने असतात. बाईंना यंत्र जवळजवळ नकोच होते; त्यांना हवा होता नोंदी तपासणारा एक क्षेत्रसहायक, छपाई, लातूरच्या फेऱ्यांचे एस.टी. भाडे आणि स्वतःच्या आठवड्यातील थोडे मोकळे तास. पहिल्या तीन गोष्टींना रकाने सापडले. चौथीला सापडला नाही, कारण नियमित वेतनावरील अध्यापकाचा वेळ शासनाने आधीच विकत घेतला आहे, असे गृहीत धरलेले असते. पैसा मिळाल्यावरची वाटही हिशेबाचीच असते: स्वतंत्र खाते, वर्षाअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र, अखर्चित शिल्लक परत, आणि २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे अनुदानावर मिळालेले व्याजसुद्धा भारताच्या संचित निधीत जमा. ही शिस्त योग्यच आहे; परंतु ती सांभाळताना लेखापालाशी होणारा पत्रव्यवहारही त्याच न मोजलेल्या तासांतून करावा लागतो.

नांदेडच्या विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ शेजारी-शेजारी आहेत; वैद्यकीय अभ्यासक्रमांची संलग्नता मात्र नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाकडे असल्यामुळे संख्याशास्त्र नि शिक्षणशास्त्र जाणणारे एका छत्राखाली आणि रुग्ण व विद्यार्थी हाताशी असणारे दुसऱ्या छत्राखाली, अशी विभागणी झाली आहे. म्हणून दोन्ही विद्यापीठांनी मिळून सहायक घडविणाऱ्या अध्यापकांसाठी लहान अनुदानाची एक संयुक्त योजना आखावी, तिच्यात यंत्रांपेक्षा माणसांना प्राधान्य द्यावे, आणि मंजूर प्रस्तावाच्या अध्यापकाचे आठवड्यातील काही तास अध्यापनभारातून लेखी आदेशाने वगळावेत. ह्यास फार मोठी रक्कम लागत नाही. अध्यापकाला वेळ दिल्याशिवाय दिलेले अनुदान निम्मेच दिले जाते, हे अंदाजपत्रक मंजूर करणारांनी एकदा ध्यानी घ्यावे.