टिटवीची चार अंडी

चैत्रातली सकाळ. शेळ्या घेऊन आम्ही माळावर निघालो होतो. टिटवी एकदम डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. आई म्हणाली, "हलू नकोस, पायाशी अंडी असतील." मी वाकून पाहिलं. खडे, मुरूम, वाळकं गवत. शेवटी आईने बोट दाखवलं. माझ्या चपलेपासून वीतभरावर चार अंडी होती. मातकट रंग, त्यावर काळपट ठिपके, निमुळती टोकं आत वळलेली. घरटं म्हणजे नुसता खळगा, भोवती चार खडे. क्षणभर नजर वळवली, तर अंडी पुन्हा हरवली!

यालाच कॅमोफ्लाज म्हणतात, मराठीत मायावरण. त्यात नुसता रंग जुळून भागत नाही. ठिपक्यांनी अंड्याची कड मोडते, म्हणून नजरेला 'अंडं' असा आकारच सापडत नाही. जोडीला निश्चलपणा लागतो. आईबापाची हाक ऐकताच टिटवीची पिल्लं जमिनीला चिकटून गप्प पडतात. रातवा पक्षी दिवसभर पाचोळ्यात डोळे मिटून बसतो आणि पाय अगदी जवळ पडल्याशिवाय उडत नाही.

लपायचं कोणाच्या नजरेपासून, हेही महत्त्वाचं. भडक नारिंगी वाघ गवतात लपतो कसा? चितळाच्या डोळ्यांना नारिंगी आणि हिरवा वेगळा दिसत नाही. त्याला वाघ गवताच्याच रंगाचा दिसतो आणि काळे पट्टे म्हणजे गवतातल्या सावल्या.

पण मायावरण चालतं ते आपल्या जागीच. इंग्लंडमधला एक ठिपकेदार पतंग दगडफुलाने मढलेल्या फिकट खोडांवर बेमालूम मिसळायचा. गिरण्यांच्या काजळीने खोडं काळी पडली आणि तो पाखरांना लांबूनच दिसू लागला. मँचेस्टरला 1848 साली याच जातीचा काळा पतंग पहिल्यांदा नोंदला गेला. 1895 पर्यंत तिथले सुमारे 98 टक्के पतंग काळे होते. पुढे हवा सुधारली, तसे फिकट पतंग परतले.

टिटवीला तेवढी पिढ्यान्‌पिढ्यांची सवड कुठली? माळ 'पडीक' म्हणून सपाट केला, त्यावर लाल माती ओतली, की मुरमाच्या रंगाचं अंडं उघडं पडतं. माळाचे खडे हेच त्याचं पांघरूण आहे.

टिटवी ओरडली की लोक अशुभ मानतात. ती बिचारी फक्त 'पाऊल जपून टाका' म्हणत असते. त्या दिवशी आईने शेळ्या वळवल्या आणि आम्ही आल्या पावलांवर पाऊल ठेवत मागे फिरलो. तुम्हीही तेवढंच करा.