संशोधन जगाचं, रांग जन्मगावाची

वढू बुद्रुक म्हटलं की आपल्याला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते. शिरूर तालुक्यातलं हेच गाव वैद्यकीय संशोधकांना आणखी एका कारणानं ठाऊक आहे. डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकारानं पुण्याच्या केईएम रुग्णालयानं सत्तरच्या दशकात इथं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. घरोघरचे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर सातत्यानं टिपणारी यंत्रणा पुढं त्यातूनच आली. बाळांच्या जुलाबांना अटकाव करणाऱ्या रोटाव्हॅक या भारतीय लशीची मोठी चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथं झाली, तेव्हा पुण्याची बाजू केईएमच्याच संशोधन केंद्रानं सांभाळली. त्या चाचणीत एकूण ६,७९९ तान्ही बाळं होती आणि निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले.

अशा कामात तयार झालेला शिरूर-दौंडकडचा एखादा संशोधक अमेरिकेतल्या विद्यापीठात गेला आणि तिथंच राहावं असं त्याला वाटलं, तर? जाणं त्या मानानं सोपं. बहुतेक जण जे-१ किंवा एच-१बी व्हिसावर जातात. एच-१बीच्या वार्षिक सोडतीतून विद्यापीठं वगळलेली आहेत. मात्र अमेरिकी अध्यक्षांच्या सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनं देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा बोजा टाकला, आणि विद्यापीठांचाही हात आखडला. जे-१ वाल्यांना दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट कधीकधी लागते. ही अट कोणत्या देशांच्या लोकांना लागते ते सांगणाऱ्या अमेरिकी कौशल्य-यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव निघालं, त्यामुळं त्या यादीपायी अडकणाऱ्यांची सुटका झाली. सरकारी पैशावर गेलेल्यांना आणि निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घेणाऱ्यांना मात्र ती सवलत नाही.

खरी परीक्षा तिथं कायम राहण्यासाठीच्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरच्या, आय-१४० या अर्जाची. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांचे ईबी-१, ईबी-२ असे गट आहेत; असामान्य गुणवत्ता दाखवायची असेल तर ईबी-१ चा एक रस्ता आहे. दहा निकषांपैकी किमान तीन पुरे करायचे, आणि त्यानंतरही अधिकारी सगळी फाइल एकत्र तोलून पाहतो. विद्यापीठानं कायम स्वरूपाच्या पदावर घेतलं असेल तर ‘उत्कृष्ट संशोधक’ हा दुसरा. या दोन्हींत न बसणाऱ्यांची भिस्त असते ईबी-२ मधल्या राष्ट्रीय हिताच्या सवलतीवर. इथं नोकरी देणारा मालक लागत नाही, अर्ज स्वतःच भरता येतो. २०१६ च्या ‘धनासर’ निकालापासून कसोट्या तीन: काम मोलाचं आणि देशाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे का, ते पुढं नेण्याची तयारी याच माणसाची आहे का, आणि नोकरीच्या प्रस्तावाची अट सोडण्यात एकूण देशाचं भलं आहे का.

इथला ‘देश’ म्हणजे अमेरिका, हे लिहिताना भलेभले विसरतात. वढूतल्या बाळांचे जुलाब थांबले, ही कर्तबगारी मोठीच. पण ती बसते दुसऱ्या कसोटीत. पहिलीसाठी तिथं पुढं काय करणार ते सांगावं लागतं. नुसतं ‘मधुमेहावर काम करतो’ म्हणून भागत नाही. कोणता प्रश्न, कोणती पद्धत, त्याचा उपयोग एका प्रयोगशाळेपलीकडं कुणाला, हे हवं. सोबत शोधनिबंध, इतरांनी घेतलेले संदर्भ, दुसऱ्यांचे निबंध तपासल्याच्या नोंदी आणि शिफारसपत्रं. पत्रांबाबत माझं मत स्पष्ट आहे: आपल्या गाइडनं केलेल्या तोंडभर कौतुकापेक्षा, कधी न भेटलेल्या शास्त्रज्ञानं ‘ही पद्धत मी माझ्या कामात वापरली’ असं लिहिलेल्या दोन ओळी जड. आपल्याकडं मोठ्या पदावरच्या माणसाची सही गाठण्याचा सोस फार.

मंजुरी आली की पेढे वाटले जातात. पण ते ग्रीन कार्ड नव्हे, रांगेतला नंबर आहे. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यांत कुटुंबीयही मोजले जातात, आणि कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. २०२५ मध्ये भारतीयांच्या ईबी-२ रांगेत २०१२-१३ च्या अर्जांच्या तारखा चालू होत्या. ईबी-१ मध्ये २०२२ च्या. म्हणूनच ईबी-२ मंजूर झालेले बरेच संशोधक पुढं ईबी-१ साठीही अर्ज करतात. ईबी-२ अर्जाची जुनी तारीख तिथंही चालते. मधल्या काळात मंजुरीचा उपयोग एवढा, की एच-१बी सहा वर्षांपुढं वाढवून मिळतो आणि जोडीदाराला कामाचा परवाना मागता येतो. मुलं मात्र एकविशीकडं सरकत असतात, आणि त्यानंतर ती आई-वडिलांच्या अर्जात सहसा राहत नाहीत.

ही रांग जन्मस्थानावरून ठरते, नागरिकत्वावरून नव्हे. दौंडला जन्मलेला माणूस उद्या कॅनडाचा नागरिक झाला तरी उभा राहणार भारताच्याच रांगेत. त्यामुळं नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला शेवटी फाइलमध्ये येतोच. जुन्या नोंदीत बाळाचं नावच नसतं, कुठं आईचं माहेरचं नाव, कुठं आडनावाचं निराळं स्पेलिंग. नोंदच सापडली नाही तर तसं प्रमाणपत्र घेऊन शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रं जोडावी लागतात. हे काम ग्रीन कार्डाच्या मुलाखतीच्या तोंडावर गावाकडच्या भावाच्या गळ्यात मारण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत स्वतः उरकलेलं बरं.

एक पळवाट कायद्यानंच ठेवली आहे. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाच्या रांगेत दोघांना उभं राहता येतं. सासरे नोकरीनिमित्त मस्कतला असताना बायकोचा जन्म तिथं झाला असेल, तर दौंडकर जावई ओमानच्या रांगेतून पुढं जातो.