पायाखालचे पाच मिलिमीटर

पार्से येथील एका भगिनीचा प्रश्न आला आहे. चवथीच्या फुगड्यांची तालीम त्यांचा गट हल्ली लाद्या घातलेल्या हॉलात करतो आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या नडग्या ठणकू लागतात. आई-आजी मांडावर रात्र रात्र धालो खेळायच्या, त्यांच्या तोंडून अशी तक्रार कधी ऐकली नव्हती. मग दोष लादीचा, की आमच्या हाडांचा?

लादीचा, पण एकट्या लादीचा नाही. आधी थोडा हिशेब करू. 30 सेंटिमीटर उंच उडी मारून पाय जमिनीला टेकतो, तेव्हा शरीराचा वेग सेकंदाला सुमारे 2.4 मीटर असतो. तो शून्यावर आणायला अंतर लागते. गुडघे वाकवून 30 सेंटिमीटर मिळाले तर पायांवर सरासरी वजनाच्या दुप्पट बल येते. 10 सेंटिमीटरच मिळाले तर चौपट. मग जमीन चार-पाच मिलिमीटर दबली काय अन् न दबली काय? फरक पडतो, कारण गुडघा वाकायला लागेपर्यंत टाच थांबलेली असते. त्या पहिल्या क्षणी मदतीला असते फक्त टाचेखालची चरबीची गादी, आणि तीही काही मिलिमीटरच दबते. तेवढेच अंतर खालून जमिनीनेही दिले, तर नडगीत घुसणारा पहिला टोला बराच बोथट होतो.

मग जाड गाद्याच का घालू नयेत? याचे उत्तर देणारा माणूस माझ्या फार आवडीचा आहे. हार्वर्ड विद्यापीठातला थॉमस मॅकमहन. प्राण्यांची चाल, झाडांची उंची यांचे गणित मांडायचा आणि कादंबऱ्याही लिहायचा. 1970च्या दशकात त्याने पीटर ग्रीनबरोबर धावपटूंना चक्क उशांच्या पट्टीवर पळवले. पावले लांब पडू लागली, पण प्रत्येक पाऊल जमिनीत रुतून राहू लागले आणि वेग घटला. मॅकमहनच्या लेखी धावणाऱ्याचा पाय म्हणजे स्प्रिंग. जमीन त्याहून बरीच मऊ असेल तर पाय तिच्यात वेळ घालवतो, दगडासारखी असेल तर सगळा टोला पायावर येतो. या दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असा निघाला की तिथे जमीन दबते, पण पाय उचलायच्या आत घेतलेली ऊर्जा परतही करते. या गणितावरून बांधलेली लाकडी धावपट्टी 1977 मध्ये हार्वर्डला सुरू झाली. धावपटूंचा वेग दोन-तीन टक्क्यांनी वाढला आणि दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. जमिनीचा स्वभाव असा मोजून ठरवणारा हा माणूस 1999 मध्ये अवघ्या 55व्या वर्षी गेला. आज क्रीडासंकुलांच्या उद्घाटनांत त्याचे नावही कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

आपला कुस्तीचा आखाडा आठवा. तेल-ताक घालून मळलेली तांबडी माती पडणाऱ्याचा भार पोटात घेते आणि परत काही देत नाही. कुस्तीला तेच हवे. फुगडी घालणारीला मात्र लगेच पुन्हा उसळायचे असते.

आता मांड. चोपून, शेणाने सारवलेली भुई काँक्रीटइतकी निष्ठुर नसते, पण ती काही स्प्रिंगही नव्हे. शिवाय धालोत बायका समोरासमोर रांगा करून झुकत पुढे-मागे जातात, पाय फारसे उडत नाहीत, आणि तेही पौषातल्या मोजक्या रात्री. स्पर्धेसाठी महिनाभर रोज उड्या मारणाऱ्या पायांशी त्याची तुलना करणे अन्यायाचे आहे. जमीन बदला, पण तालमीत विसाव्याचे दिवसही ठेवा.

जमीन बदलताना एक मोठी फसगत होते. काँक्रीटवर चिकटवलेली लाकडी पट्टी किंवा लाकडी नक्षीचा व्हिनाइल पाहून लोक खूश होतात. ते वरून लाकूड असले तरी खाली काँक्रीटच. गुण असतो पृष्ठभागाखाली: एकमेकांवर आडव्या-उभ्या रिपा किंवा रबरी फोमचे ठोकळे, आणि वर फळ्या. क्रीडागृहांसाठीच्या युरोपीय मानकात यासाठी गमतीची चाचणी आहे. 20 किलोचे वजन स्प्रिंगवर सोडून काँक्रीटच्या तुलनेत टोला किती घटला ते मोजतात. तो निदान 25 टक्के घटायला हवा, पण जमीन 5 मिलिमीटरपेक्षा जास्त दबता कामा नये आणि चेंडूची उसळी काँक्रीटवरच्या उसळीच्या 90 टक्के तरी हवी.

गावच्या हॉलात लादीवरच फोमचे ठोकळे आणि त्यांवर प्लायवूडचे दोन थर, सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे, घालता येतात. मात्र आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगते. भिंतीलगत बोटभर फट सोडा, खाली हवा खेळू द्या आणि वाळवीचा बंदोबस्त आधी करा, नाहीतर पहिल्याच श्रावणात फळ्या कमान घेतील.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी एवढे करून पाहा. अनवाणी, डोळे मिटून उभ्या राहा आणि मैत्रिणीला हातभर अंतरावर उडी मारायला सांगा. तिचे उतरणे तुमच्या तळव्यांना जाणवले, तर जमीन तिचा भार वाटून घेते आहे. नुसता आवाजच आला, तर फळ्या उचकटून खाली काय घातले आहे ते बघा.