पिल्लूच तर होतं, डॉक्टर!

तीन आठवड्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या सात वर्षांच्या मुलाला सर्दी-खोकल्यासाठी दवाखान्यात घेऊन आले. छाती तपासताना मुलाच्या मनगटावर चुन्याचा लेप दिसला. विचारले तर वडील हसत म्हणाले, "काही नाही डॉक्टर, गल्लीतल्या पिल्लाचा दात लागलाय. परवाची गोष्ट. थोडं रक्त आलं, आजीने चुना लावला. पिल्लूच तर होतं!"

"आता कुठे आहे ते पिल्लू?" वडिलांना ठाऊक नव्हते. मुलगा मात्र हळूच म्हणाला, "ते मेलं."

खोकल्याचे औषध राहिले बाजूला. त्या दोघांना मी आधी नळावर पाठवले.

वाचकांपैकी काहींना ही घाई अनाठायी वाटेल. पण १९९३ साली मी इंटर्न असताना पाहिलेला एक रुग्ण अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिशीतला धडधाकट शेतकरी. पाण्याचा पेला ओठांजवळ नेला की घशाला झटके येत, पंख्याचा वारा लागला तरी सारे अंग आक्रसून जाई. मधल्या वेळात तो अगदी शुद्धीवर असे, बैलांना वैरण घातली का म्हणून बायकोला विचारत असे. दोन महिन्यांपूर्वी कुत्र्याने बोटाला ओरखडले होते, त्यावर मिरचीपूड भरली होती, एवढेच तिला आठवत होते. तिसऱ्या दिवशी तो गेला. आम्ही नुसते उभे होतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्णाला वाचवील असे खात्रीचे औषध आजही नाही.

मात्र लक्षणांच्या आधी आपल्याला वेळ मिळतो. चाव्यातून शिरलेला विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी थोडे दिवस, क्वचित वर्षाहूनही अधिक. डोके, चेहरा, मान किंवा हाताला चावा असेल तर वाट जवळची. लहान मुलांची उंचीच अशी की चावा नेमका तिथेच बसतो. शिवाय मार मिळेल या भीतीने मुले चावा लपवतात. घरच्यांनी रागावू नये, म्हणजे मूल सांगेल.

पहिला उपचार प्रत्येकाच्या मोरीत आहे. कपड्याचा असो की अंगाचा, साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पूर्ण पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पाहा, पंधरा मिनिटे फार मोठी वाटतात! या विषाणूवर चरबीचे आवरण असते, ते साबणाने फाटते आणि विषाणू निकामी होतो. चुना, मिरची, हळद, रॉकेल यांनी तसे काही होत नाही. उलट जखम चिडते. धुतल्यावर असल्यास आयोडीनचे औषध लावावे. पट्टी बांधू नये. टाके शक्यतो टाळतात.

नंतर लस. "पोटात चौदा इंजेक्शने" ही धास्ती अजून घरोघरी आहे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करीत आणि तिचा त्रासही होई. आपल्या देशात ती २००४ साली बंद झाली. आता दंडात सुई टोचतात. सरकारी दवाखान्यात त्वचेत देण्याची पद्धत असेल तर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जावे लागते. यात पहिली सुई घेतली तो शून्य दिवस धरतात. स्नायूत द्यायची असल्यास चौदाव्या दिवशी आणखी एक. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही ती चालते. पथ्य काही नाही.

लोकांना ठाऊक नसते ते सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडे. लसीमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर विषाणूला जखमेतच अडवायचे काम सीरम करते. रक्त आलेल्या प्रत्येक चाव्याला ते हवेच, तेही थेट जखमेत आणि तिच्या भोवती. पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत दिले तरच उपयोग. आमच्या या मुलाच्या वेळी जवळच्या दवाखान्यात लस होती, सीरम नव्हते. वडिलांनी त्याच संध्याकाळी जिल्ह्याचे ठिकाण गाठले. लस मिळाली की माणूस निश्चिंत होऊन घरी जातो; तसे न जाता "सीरम दिले का?" हे विचारावे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये देशातल्या पंधरा राज्यांत पाहणी केली. वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजने साधारण ५,७०० माणसे दगावतात, असा तिचा अंदाज आहे. कुत्रा चावलेल्या दर पाच जणांपैकी एकाने लस मुळीच घेतली नव्हती. सुरू करून मध्येच सोडणारे तर मी रोजच पाहतो.

आणि कुत्र्यांचे काय? चिडून ती मारून टाका म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. पण एका गल्लीतली कुत्री संपली की शेजारची, लस न टोचलेली येतात. शेजारच्या गोव्याने दुसरी वाट धरली. तिथे सरकार आणि स्वयंसेवी संस्थांनी २०१४ पासून गावोगावी जाळी घेऊन, दरवर्षी सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचायचे उद्दिष्ट ठेवले. शाळांतून मुलांनाही शिकवले. माणसांचे मृत्यू थांबले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. आपल्या नगरपालिकेच्या सभेत कुत्र्यांवर तासभर भांडण होते. लसीचा ठराव मात्र मी अजून ऐकलेला नाही.

त्या मुलाच्या तीन सुया झाल्या. चौथी येत्या शुक्रवारी आहे. काल वडील येऊन म्हणाले, "पोरगा ठणठणीत आहे आणि शुक्रवारी मेहुणीचं लग्न आहे. सोडली तर चालेल का?" नाही चालणार, म्हटले. लग्नाच्या गावीही सरकारी दवाखाना आहे. लसीचे कार्ड आहेराच्या पाकिटाबरोबर खिशात ठेवा.